गाणं कोणाच्या वाट्याला

हिंदीतल्या देमार गुन्हेगारी सिनेमाबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. पाठलाग ऐन रंगात आलेला असतो, टोळीत फूट पडलेली असते, पोलीस दाराशी येऊन ठेपलेले असतात आणि मध्येच गाणं टपकतं. समीक्षकांनी तर वाटणीच करून टाकली आहे: बिनगाण्याचा तो प्रामाणिक सिनेमा आणि गाण्यांचा तो तडजोडीचा. मला ही वाटणी चुकीची वाटते. या सिनेमातलं गाणं उपरं नसतं. ते कोणाला मिळतं, कोणाला मिळत नाही आणि कोणाकडून ते हिसकावलं जातं, यावरच तिथल्या माणसांचा न्याय होत असतो. कोर्टाचा निकाल शेवटच्या रिळात लागतो. गाण्यातला निकाल त्याच्या कितीतरी आधी लागलेला असतो.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातून पाहिलं तर हे अधिक स्वच्छ दिसतं. सिनेमाच्या वितरणधंद्यात आजही ‘सी.पी. बेरार’ नावाचा विभाग आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत गेला, १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण वितरकांच्या नकाशात विदर्भ अजून जबलपूर-रायपूरच्या रांगेतच बसतो, मुंबईच्या नव्हे. तुमसरच्या पलीकडे तर मध्य प्रदेशाची हद्दच लागते. त्यामुळे हिंदी सिनेमा इथे कधी पाहुणा नव्हता. आणि हाच जिल्हा झाडीपट्टीचाही आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात भात निघायच्या सुमारास, दिवाळीनंतर, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, येतात, आणि मंडई असो की पट, रात्री नाटक हवंच. वडसा हे या नाटकधंद्याचं मुख्य ठाणं. प्रयोग रात्री उशिरा उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. एकाच नाटकात खून, कटकारस्थान, हशा, लावणी आणि आईचा आक्रोश, सगळं असतं, आणि वादक प्रत्यक्ष समोर वाजवत असतात. त्याच्याही मागे दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांची जुनी वाट आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि इथल्या लोकरंगभूमीवर आयुष्यभर काम केलं; २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांचं लक्ष जरा इकडे वळलं. अशा रात्री जागवलेल्या प्रेक्षकाला गाणं का आलं हा प्रश्नच पडत नाही. हे गाणं कोणाचं आणि आत्ताच का, एवढंच तो बघतो. समीक्षकानेही तिथूनच सुरुवात करायला हवी.

‘जंजीर’ (१९७३) घ्या. प्रकाश मेहरांचा सिनेमा, संगीत कल्याणजी-आनंदजींचं, आणि गाणी चांगली गाजलेली. पण इन्स्पेक्टर विजय त्यात एकही गाणं म्हणत नाही. चाकूसुऱ्यांना धार लावणारी माला गाते, रस्त्यावरचे गाणारे गातात आणि दोस्तीचं सर्वांत मोठं गाणं मिळतं शेरखानला, म्हणजे जुगाराचा अड्डा चालवून सुधारलेल्या पठाणाला. मन्ना डे यांच्या आवाजात शेरखान झालेला प्राण नाचतो आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो विजय बसून बघत असतो. लहानपणी आईबापांचा खून पाहिलेल्या माणसाचा गळा तिथेच अडकला आहे, हे लेखकांनी एकाही संवादात सांगितलेलं नाही. ते गाण्याच्या वाटपातून कळतं. दोन वर्षांनी ‘दीवार’ आला. राहुल देव बर्मन यांचं संगीत, साहिर यांचे शब्द. तिथे दोन भाऊ. पोलीस झालेला रवी प्रेयसीबरोबर रीतसर गाणी गातो. गोदीतून तस्करीत गेलेल्या विजयच्या वाट्याला प्रेम येतं, पण गाणं येत नाही. दारूच्या बारमध्ये त्याची आणि अनिताची भेट होते तेव्हा मागे इंग्रजी शब्दांचं एक गाणं वाजत राहतं, ना त्याचं ना तिचं. बंगला, गाडी, बँकेतला पैसा यांचा हिशेब दोन भाऊ एकमेकांना ऐकवतात ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण विजयकडे काय नाही, याचा खरा हिशेब पहिल्या तासातच संगीताने मांडलेला असतो.

कोणी म्हणेल, हा योगायोग आहे; रागीट नायकाला गाणी शोभणार नाहीत एवढाच व्यवहारी विचार असेल. असेलही. पण ‘डॉन’ (१९७८) पाहिल्यावर योगायोगाचं उत्तर पुरत नाही. चंद्रा बारोट यांच्या या सिनेमात अमिताभ बच्चन दोन माणसं आहे: निर्दयी डॉन, आणि डॉन मेल्यावर पोलिसांनी त्याच्या जागी उभा केलेला साधा विजय. खरा डॉन अख्ख्या सिनेमात गात नाही. हेलन त्याच्यासमोर जीव ओतून गाते आणि नाचते, आणि तो एक ओळही गात नाही. किशोरकुमारच्या आवाजातली सगळी गाणी विजयची. मुंबईचं वर्णन करणारं रस्त्यावरचं गाणं त्याचं, पार्टीत आपण डॉन असल्याची दवंडी पिटणारं गाणंही त्याचंच, म्हणजे सोंग घेतलेल्या निरपराध माणसाचं. आणि बनारसी पानाचं ते गाणं तर सिनेमा तयार झाल्यावर मागाहून घातलेलं. तडजोडीचा पुरावा म्हणून लोक नेहमी हेच उदाहरण काढतात. पण ते घातलं कुठे ते बघा. विजय आता पोलिसांनाही नको आणि टोळीलाही नको. तो खरा कोण हे सांगू शकणारा एकमेव अधिकारी मेलेला. अशा वेळी तो सुटाबुटातून धोतर-बंडीच्या जगात परततो, भांग चढवतो आणि आपल्या मूळच्या बोलीत मोकळ्या गळ्याने गातो. कागदोपत्री ओळख हरवलेल्या माणसाने गळ्याने दिलेली ती ओळख आहे. मागाहून सुचलं म्हणून ते उपरं ठरत नाही.

२००६ मध्ये फरहान अख्तर यांनी ‘डॉन’ पुन्हा केला आणि हाच नियम उलटा वापरला. तिथे शेवटी उघड होतं की विजय कधीच मेला, आपण ज्याला विजय समजत होतो तो डॉनच होता. प्रेक्षक फसला, कारण तो माणूस गात होता, आणि गाणारा डॉन नसतो हे आपण अठ्ठ्याहत्तरपासून मनात धरून बसलो होतो. नियम नसता तर ही फसवणूक जमलीच नसती.

‘शोले’बद्दल इतकं लिहून झालं आहे की दोनच गोष्टी सांगतो. जयचं विधवा राधेवरचं प्रेम फक्त माउथ ऑर्गनवर आहे, शब्दाविना; समाजाने ज्या नात्याला शब्द दिले नसते त्याला राहुल देव बर्मन यांनीही दिले नाहीत. आणि वीरूचा जीव वाचवण्यासाठी बसंती फुटक्या काचांवर नाचते तेव्हा गाणं हेच ओलीस ठरतं. गब्बर माणसं मारतो, पण त्याची क्रूरता खरी अंगावर येते ती तो दुसऱ्याकडून गाणं वसूल करतो तेव्हा.

आता सर्वांत वजनदार हरकत. ‘अर्धसत्य’ (१९८३) हा हिंदीतला उत्तम पोलीसपट, आणि त्यात गाणं नाही. गोविंद निहलानी यांचं दिग्दर्शन, श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा. मुळं अस्सल मराठी. मग गाण्याशिवायच गुन्ह्याचं सत्य सांगता येतं, हे सिद्ध झालं नाही का? पण त्या सिनेमाचा मध्यबिंदू कोणता ते आठवा. फौजदार अनंत वेलणकर प्रेयसी ज्योत्स्नासमोर एक पुस्तक सहज चाळायला घेतो आणि त्यातली कविता मोठ्याने वाचू लागतो. कविता दिलीप चित्रे यांची. सुरुवातीला आवाजात थट्टा असते, मग ती उतरते, वेलणकर झालेल्या ओम पुरींचा चेहरा उतरतो, आणि वाचून संपतं तेव्हा समोर बसलेला फौजदार बदललेला असतो. चक्रव्यूहात सापडलेल्या माणसाला आपल्याबद्दल जे स्वतःच्या शब्दांत बोलता येत नव्हतं, ते दुसऱ्याच्या लयीत बोलता आलं. हे गाण्याचंच काम आहे. निहलानींनी गाणं टाळलं, पण त्याची जागा रिकामी ठेवली नाही. त्यांना ती ठेवता आली नसती.

‘सत्या’ (१९९८) याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यात गाणी आहेत, विशाल भारद्वाज आणि गुलजार यांची, आणि तरी तो वास्तववादी म्हणून गौरवला गेला. भिकू म्हात्रेची पोरं दारूच्या नशेत गोळी आणि भेज्याबद्दल दंगा करत गातात, तेव्हा कळतं की ही टोळी म्हणजे गाव सोडून आलेल्या पोरांचं घर आहे. शिवाय कथेतली विद्या ही पार्श्वगायिका होऊ पाहणारी मुलगी. तिला संधी मिळते ती तिच्यावर प्रेम करणाऱ्या नायक सत्याच्या दहशतीमुळे, आणि हे तिला ठाऊक नसतं. इथे गाणंच धमकी देऊन मिळवलेला माल ठरलं आहे. प्रेमासाठी माणूस काय चोरतो, याचं इतकं नेमकं उत्तर दुसऱ्या कुठल्या हिंदी गुन्हेगारी सिनेमाने दिल्याचं मला आठवत नाही.

आयटम साँगबद्दलची हरकत मात्र मी मान्य करतो, आणि ती याच मापाने मान्य करतो. २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये कतरिना कैफवर चित्रित झालेलं नाचगाणं अजय-अतुल यांच्याच ‘जत्रा’ (२००६) या मराठी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर बेतलेलं. चालीत जोर आहे, वरातीत ती अजून वाजते. पण गाणारी बाई कोण, तिचं काय पणाला लागलंय, हे सिनेमाला माहीत नाही आणि जाणून घ्यायचंही नाही. तिच्या वाट्याला गाणं आलं, माणूसपण आलं नाही. झाडीपट्टीच्या नाटकातही कथेशी संबंध नसलेली लावणी घुसवली जाते आणि त्याबद्दल तिथल्याच जाणत्यांनी नाराजी व्यक्त केली आहे. ही टीका मुंबईला लागू आणि वडशाला माफ, असं करता येणार नाही.

आणखी एक भीती खरी आहे. गाणं सिनेमातून सुटून लाउडस्पीकरवर येतं तेव्हा त्याचा मालक हरवतो. ‘डॉन’मधलं फुशारकीचं गाणं एका घाबरलेल्या गरीब माणसाने घेतलेलं सोंग आहे, पण वरातीत नाचणाऱ्या पोराला ते गुंडाचं गाणं म्हणूनच हवं असतं. आता तर मोबाइलवरच्या तीस सेकंदांत तेवढाच तुकडा उरतो. नाटकात हे सहसा होत नाही, कारण गाणारा नट पुढच्या प्रवेशात तुमच्यासमोर मार खातो किंवा मरतो. सिनेमाला ही सोय नाही. म्हणून हिंसेचा माज गाण्यातून पसरतो या आरोपातलं अर्धं मी मान्य करतो. उरलेलं अर्धं तोडून विकणाऱ्या बाजाराच्या माथी आहे.

पण या सिनेमाची सर्वांत मोठी उणीव भंडारा जिल्ह्यातच ठळकपणे दिसते. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार मारलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप ठेवली. आता हा गुन्हा आपल्या देमार सिनेमाच्या साच्यात बसवून बघा. गब्बर नाही, डॉन नाही, एकटा खलनायक नाही. मारणारे शेजारी आहेत. ज्याच्या मुक्या गळ्यावर आपण हळहळावं असा रागीट तरुणही नाही. एकट्या माणसाचा गुन्हा आणि त्याचा एकटेपणा गाण्यातून सांगायला पन्नास वर्षं शिकलेला सिनेमा जमावासमोर आला की गप्प होतो, कारण जमावाचं गाणं कसं लिहायचं हे त्याने शिकूनच घेतलं नाही.

वाट मराठीने थोडी दाखवली आहे. ‘सैराट’ (२०१६) हा गुन्हेगारीपट म्हणून कोणी बघत नाही, पण त्यात गुन्हा आहे आणि तो घरच्यांनीच केलेला आहे. नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांनी पूर्वार्धात वाद्यवृंदाने भरलेली गाणी उधळली, आर्ची-परश्याला दिली आणि त्यांच्याबरोबर नाचणाऱ्या अख्ख्या गावालाही. शेवटी रक्तात माखलेल्या पावलांनी मूल बाहेर चालत येतं तेव्हा संगीत नाही, कुठलाच आवाज नाही. ती शांतता तेवढी जड होते, कारण आधी तिथे काय वाजत होतं हे आपल्या कानांना आठवत असतं. खैरलांजीसारख्या गुन्ह्यावर कोणाला हिंदीत खरा सिनेमा करायचा असेल, तर त्याला मंडईत खांद्याला खांदा लावून गाणारं, पहाटेपर्यंत नाटकाला दाद देणारं गाव आधी मनापासून दाखवावं लागेल. मग तेच गाव हातात काठ्या घेऊन निघालेलं. गाणारे आणि मारणारे एकच आहेत हे प्रेक्षकाच्या कानाला कळायला हवं, आणि गाणी वगळून केलेल्या सिनेमाला ते सांगता येणार नाही.