टेलिफोनचा कज्जा आणि स्टॉरो यांची वकिली

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव शाळकरी मुलासही ठाऊक असते; परंतु ज्या वकिलाने बेल यांची सनद अनेक वर्षे न्यायासनापुढे राखली, त्या बोस्टनच्या जेम्स जॅक्सन स्टॉरो यांचे (१८३७–१८९७) नाव विस्मृतीच्या गर्तेत गेले आहे. चॉन्सी स्मिथ या ज्येष्ठ सहकाऱ्यासह त्यांनी बेल कंपनीचे वकीलपत्र स्वीकारले आणि पुढे सुमारे ६०० दावे चालले. तंत्रविद्या आणि कायदा यांच्या सरहद्दीवरील वकिलीचा पेशा आज जगभर भरभराटीस आला आहे. त्याची पहिली मोठी कारकीर्द ही होय, असे मानण्यास माझ्या मते प्रत्यवाय नाही.

बेल यांचा अर्ज १४ फेब्रुवारी १८७६ रोजी वॉशिंग्टनच्या पेटंट-दप्तरात दाखल झाला आणि त्याच दिवशी एलिशा ग्रे या प्रतिस्पर्धी संशोधकाची पूर्वसूचनाही (आपण असा अर्ज करणार, असे कळविणारी नोंद) तेथे पोचली. ७ मार्चला बेल यांना १,७४,४६५ क्रमांकाचे पेटंट मिळाले. वेस्टर्न युनियन या बलाढ्य तारकंपनीने ग्रे व एडिसन यांचे हक्क हस्तगत करून प्रतिस्पर्धी व्यवसाय मांडला, तेव्हा १८७८ मध्ये तिच्या डाऊड नावाच्या अडत्यावर फिर्याद झाली. जबान्या पुरत्या होतात न होतात तोच प्रतिपक्षाचे वकील जॉर्ज गिफर्ड यांचीच खात्री पटली की बेल यांचा हक्क अबाधित आहे. १० नोव्हेंबर १८७९ च्या तडजोडीने वेस्टर्न युनियनने टेलिफोनचा धंदा सोडला आणि त्याच्या मोबदल्यात सतरा वर्षेपर्यंत भाड्याचा पाचवा हिस्सा पत्करला. प्रतिपक्षाच्या वकिलास पटवून जिंकलेला दावा हा निकालाने जिंकलेल्या दाव्याहून मोठा, असे मला वाटते.

खरी कसोटी मात्र पेटंटाच्या पाचव्या कलमाची होती. १८५४ साली मोर्स यांच्या तारयंत्राच्या कज्ज्यात सर्वोच्च न्यायालयाने दंडक घालून दिला होता, की विद्युच्छक्तीने दूर अंतरावर अक्षरे उमटविण्याच्या यच्चयावत प्रकारांवर, मग ते कोणत्याही साधनाने का साधेनात, कोणालाही मक्ता मागता येणार नाही. बेल यांनी निसर्गाची शक्तीच आपल्या नावे करून घेतली आहे, असा आक्षेप प्रतिवादी घेणार हे उघड होते. त्यास स्टॉरो यांच्या बाजूने उत्तर मिळाले ते असे, की बेल यांनी विजेवर नव्हे, तर वाणीने हवेत उठणाऱ्या लहरींच्या आकृतीशी जुळणाऱ्या लहरी विद्युत्प्रवाहात उठविण्याच्या पद्धतीवर हक्क सांगितला आहे. जर्मनीतील फिलिप राइस यांच्या १८६१ च्या यंत्रात प्रवाह क्षणोक्षणी तुटत व जुळत असे, म्हणून सूर पोचे, शब्द पोचत नसे. राइस यांच्या यंत्रात केवळ रचनेच्या सुधारणा शंभर वर्षे करीत राहिले असते तरी बोलणारा टेलिफोन निपजला नसता, अशा आशयाचा अभिप्राय न्यायमूर्ती लॉवेल यांनी १८८१ मध्ये दिला, आणि ही विचारसरणी सर्वमान्य झाली.

परंतु सिद्धान्ताने जे होते ते साक्षीदाराने उधळते. हॅरिसबर्गजवळच्या एबर्लीज मिल्स या खेड्यातील डॅनिएल ड्रॉबॉ या कारागिराने दावा केला की आपण बेल यांच्या कितीतरी वर्षे आधी, पेला व पत्र्याची डबी यांच्या साहाय्याने बोलणारे यंत्र सिद्ध केले होते; केवळ दारिद्र्यामुळे सनद घेता आली नाही. शेजारचे शेतकरी, गिरणीवाले, लोहार, मुले, एकामागून एक जबानी देऊ लागले की आम्ही त्या डबीतून शब्द ऐकले. अशा शेकडो साक्षींस खोटेपणाचा आळ घालून उत्तर देणे सोपे होते. पण ते वकिलीचे नव्हे, वक्तृत्वाचे काम झाले असते. बेल पक्षाने साक्षीदारांच्या प्रामाणिकपणास सहसा हात न लावता त्यांच्या स्मृतीस हात घातला, आणि रोजकीर्दी, खतावण्या व खरेदीखते धुंडाळून दाखवून दिले की ज्या काळात ड्रॉबॉ दारिद्र्याचे कारण सांगत होते त्या काळात इतर शोधांपासून त्यांस पैसा मिळत होता, दुसऱ्या जिनसांची पेटंटे ते घेत होते आणि विजेच्या घड्याळाच्या मागे लागले होते. १८८२ मध्ये न्यू यॉर्क येथे ड्रॉबॉ यांच्या जुन्या उपकरणांच्या प्रतिकृतींची परीक्षा झाली, तेव्हा त्यांतून बोलणे नीट उमटले नाही. त्याच वर्षी आपल्या मुंबईत टेलिफोनची कचेरी उघडली. म्हणजे ज्या यंत्राच्या जनकत्वाचा तंटा पेनसिल्व्हेनियातील खेड्यात धुमसत होता, ते यंत्र येथे व्यापारी पेढ्यांच्या सेवेस रुजू झाले होते.

ड्रॉबॉ यांच्या या प्रकरणात १८८४ मध्ये न्यायमूर्ती वॉलेस यांनी बेल पक्षास अनुकूल निवाडा दिला. पण प्रकरण अपिलात गेले आणि १९ मार्च १८८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी पेटंट कायम केले. बहुमताचा निकाल सरन्यायाधीश वेट यांनी लिहिला. चारच दिवसांनी ते निवर्तले. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी मतभेदपत्रात ड्रॉबॉ यांनाच प्रथम शोधकाचा मान दिला. फील्ड व हार्लन यांचा त्यांना पाठिंबा होता. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर बेल यांचे पेटंट तेव्हाच कोसळले असते.

स्टॉरो यांच्या ठायी एक विरळा गुण होता: जिंकल्यावरही त्यांची दृष्टी मंद झाली नाही. चौदा वर्षे दप्तरात पडून राहिलेले, बर्लिनर या संशोधकाचे बेल कंपनीच्या हाती असलेले पेटंट १८९१ मध्ये मिळाले, तेव्हा स्वतःच्याच कंपनीच्या अध्यक्षास त्यांनी लिहून कळविले की आपल्या मक्त्याइतका लाभदायक आणि त्याचबरोबर लोकांच्या द्वेषास पात्र झालेला मक्ता कोणत्याही पेटंटाने आजवर दिलेला नाही, आणि त्याची मुदत आणखी वाढविण्याचा यत्न पेटंटास व न्यायालयांस फार जड जाईल. मोबदला घेणाऱ्या वकिलाने असे सांगणे दुर्मिळच. बेल यांचे दुसरे पेटंट ३० जानेवारी १८९४ रोजी संपले आणि प्रतिस्पर्धी कंपन्या झपाट्याने निघू लागल्या.

संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाडा-संग्रहाचा १२६ वा खंड समग्र या एका कज्ज्यास वाहिलेला आहे. जिज्ञासू वाचकाने तो अवश्य चाळावा. मात्र वेट यांचा निवाडा वाचण्यापूर्वी ब्रॅडली यांचे मतभेदपत्र वाचावे, म्हणजे स्टॉरो यांस काय खोडून काढावे लागले होते ते ध्यानी येईल.