इंजिन फिरते, परंतु सुरू होत नाही

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा होय. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १९९९ साली तो स्वतंत्र झाला. वैनगंगा, बाघ, चुलबंद व गाढवी या नद्या, इटियाडोहासारखा मोठा जलाशय आणि पूर्वजांनी बांधून ठेवलेले शेकडो मालगुजारी तलाव ही या जिल्ह्याची जलसंपत्ती आहे. वर्षाकाठी सरासरी १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. परंतु तो पिकाच्या गरजेप्रमाणे पडेलच असे नाही. भाद्रपदात पावसाने ओढ दिली आणि धान त्या वेळी पोटरीत किंवा निसवणीवर असला, तर बांधीतील पाणी आटणे फार घातक ठरते. लोंबी बाहेर पडते, पण दाणा भरत नाही. पोचट धान हाती येतो. रोवणीपासून केलेला सर्व खर्च व श्रम त्या थोड्या दिवसांत पणास लागतात.

अशा वेळी नाल्याच्या अथवा बोडीच्या काठी ठेवलेले जुने डिझेल इंजिन हाच आधार असतो. गावोगाव वीज पोहोचली असली, तरी वीज नसेल तेव्हा उपयोगी पडावे म्हणून अनेक शेतकऱ्यांनी ते राखून ठेवले आहे. परंतु महिनोन्‌महिने पडवीत पडून राहिलेले इंजिन ऐन गरजेच्या दिवशी पुष्कळदा पेट घेत नाही. हँडल फिरते, चाक फिरते, इंजिन मात्र सुरू होत नाही. मग दोन-चार गडी आळीपाळीने हँडल मारून दमतात. कोणी नोजल उघडतो, कोणी पंपाचे स्क्रू फिरवितो आणि मूळचा लहानसा दोष मोठा होऊन बसतो. वास्तविक दोष क्रमाने शोधला, तर अशी बरीचशी इंजिने शेतावरच, एक-दोन पान्यांच्या साहाय्याने सुरू करता येतात. तो क्रम पुढे दिला आहे.

इंजिन पेट कसे घेते?

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यातील मुख्य कल्पना आजही तीच आहे. सिलिंडरमध्ये आलेली हवा दट्ट्या वर येताना दाबतो. ती मूळच्या सुमारे सोळाव्या हिश्शाइतक्या जागेत कोंडली गेली की अतिशय तापते; चालत्या इंजिनात हे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. त्याच क्षणी नोजलमधून डिझेलचा बारीक फवारा आत उडतो आणि तापलेल्या हवेने तो आपोआप पेटतो. येथे ठिणगीची आवश्यकता नसते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हे सर्वांनी अनुभवले आहे. त्याचेच हे मोठे रूप समजावे.

पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना स्थापन झाला. तेव्हापासून देशी बनावटीची इंजिने खेड्यांतून सर्वदूर पोहोचली. बनावट कोणतीही असो, इंजिन पेटण्यास तीनच गोष्टी लागतात : स्वच्छ डिझेल, पुरेशी हवा आणि पुरेसा दाब. सुरू न होणाऱ्या इंजिनात या तिहींपैकी एकीची उणीव असते.

धूर काय सांगतो?

हँडल मारताना एकाने धुराड्याकडे लक्ष ठेवावे. मुळीच धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल आत जाते पण पेटत नाही; म्हणजे दाब कमी आहे, डिझेलात पाणी आहे, इंजिन फार थंड आहे किंवा फवारा उडण्याची वेळ चुकली आहे. काळा धूर निघत असेल, तर बहुधा हवा कमी पडते. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे निम्मे काम होते.

प्रथम डोळ्यांनी पाहावे

पाना हाती घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

१. टाकीत डिझेल आहे काय? टाकीची तोटी उघडी आहे काय?

२. इंजिन बंद करण्याची कळ मागील खेपेस बंद केलेल्या जागीच राहिली आहे काय? ही चूक अगदी साधी असली, तरी जाणत्यांकडूनही होते.

३. टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र मोकळे आहे काय? पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिक घट्ट बांधले, तर टाकीत बाहेरची हवा शिरत नाही व डिझेल खाली उतरेनासे होते. अशा वेळी इंजिन थोडा वेळ चालून बंदही पडते.

४. एखादी नळी चिरली आहे काय? एखादा जोड ओलसर दिसतो काय? जेथून डिझेल पाझरते, तेथून हवाही आत शिरू शकते.

नळीतील हवा काढण्याची रीत

टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली किंवा गाळणी उघडली गेली की नळीत हवा शिरते. यालाच ‘इंजिनाने एअर घेतली’ असे म्हणतात. इंजिन सुरू न होण्याचे हे नेहमी आढळणारे कारण आहे. डिझेल दाबले असता आकसत नाही. हवा मात्र आकसते. पंप प्रत्येक फेरीला डिझेलचे काही थेंबच पुढे ढकलतो. मध्ये हवेचा बुडबुडा असला, तर पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यात खर्ची पडतो व नोजल उघडण्याइतका दाब निर्माण होत नाही. म्हणून टाकीकडून नोजलकडे, याच क्रमाने हवा काढावी.

टाकी निम्म्याहून अधिक भरावी व तोटी उघडावी. गाळणीवरील हवा सोडण्याचा स्क्रू सैल करावा. प्रथम फेसाळ डिझेल येईल; बुडबुडे थांबून अखंड धार लागली की स्क्रू घट्ट करावा. नंतर पंपावरील स्क्रू सैल करून हीच कृती करावी. शेवटी पंपाकडून नोजलकडे जाणाऱ्या जाड नळीचा नोजलकडील नट एक-दोन आटे सैल करावा. इंजिनाच्या डोक्यावरील दाब सोडण्याची कळ उचलून हँडल सावकाश फिरवावे. नटापाशी बुडबुड्यांविना डिझेल उसळू लागले की नट आवळावा. यानंतर हँडल फिरविताना नोजलमधून ‘कर्र’ असा आवाज आला, तर फवारा उडू लागला असे समजावे. आता हँडलला चांगला वेग द्यावा आणि कळ खाली सोडावी.

नोजलच्या फवाऱ्यासमोर हात कदापि धरू नये. त्याचा दाब इतका प्रचंड असतो की डिझेल कातडी भेदून आत शिरते. जखम दिसण्यात सुईच्या टोचण्याएवढी असली, तरी ती अत्यंत गंभीर असते. असे घडल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

डिझेलातील पाणी व कचरा

पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या टाकीत किंवा डब्यात पाणी उतरते. गाळणीच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. तसे आढळल्यास टाकी व गाळणी रिकामी करून स्वच्छ करावी, गाळणीचा आतील भाग खराब झाला असल्यास बदलावा, गाळलेले नवे डिझेल भरावे व पुन्हा हवा काढावी.

हवेची वाट

मळणीच्या दिवसांत धानाचा भुसा व धूळ हवेच्या गाळणीत साचते. गाळणी काढून पाहावी. तिच्यात तेल भरण्याची सोय असल्यास जुने तेल काढून नवे घालावे. बंद राहिलेल्या इंजिनाच्या धुराड्यात कुंभारीण माशी मातीचे घर करते, तर कधी उंदीर चिंध्या भरतो. जळलेली हवा बाहेर पडली नाही, तर ताजी हवा आत येणार नाही. म्हणून दोन्ही तोंडे तपासावीत व इंजिन ठेवून देताना ती जाळीने झाकावीत.

दाबाची परीक्षा

डिझेल बंद ठेवून व दाब सोडण्याची कळ खाली ठेवून हँडल हळूहळू फिरवावे. दट्ट्या वर येताना हाताला जोरदार विरोध जाणवला पाहिजे. हँडल सहज फिरत असेल, तर दाब कोठून तरी निसटत आहे. हवेच्या गाळणीकडे ‘फुस्स’ असा आवाज आल्यास आत येणारी झडप, धुराड्याकडे आल्यास बाहेरची झडप नीट बसत नाही. तेल भरण्याच्या तोंडातून वाफारा येत असल्यास दट्ट्याच्या रिंगा झिजल्या किंवा अडकल्या असाव्यात. डोक्याच्या सांध्यातून बुडबुडे दिसल्यास तेथील गॅस्केट गेले असे समजावे.

थंडीच्या सकाळी दाब बरा असूनही इंजिन पेटत नसेल, तर पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात आधण नव्हे, तर सोसवेल इतके गरम पाणी सावकाश भरून थोडा वेळ थांबावे. पुष्कळदा एवढ्याने काम होते.

हे कदापि करू नये

हवेच्या तोंडाशी पेटती चिंधी धरणे किंवा आत पेट्रोल ओतणे अत्यंत धोक्याचे आहे. त्याने रिंगा तुटतात, हँडल उलटे फेकले जाते व माणूस भाजतो. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे झटका बसल्यास मनगट मोडत नाही. धोतराचा सोगा, उपरणे किंवा ओढणी फिरत्या चाकाजवळ जाऊ देऊ नये. मुलांना दूर ठेवावे.

पंप व नोजल शेतावर उघडू नयेत. त्यांच्या आतील भागांमधील फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते व मातीचा एक कण त्यांची नासाडी करतो. झडपा, रिंगा व फवाऱ्याची वेळ हीदेखील मिस्त्रीची कामे होत. मात्र धूर कसला होता, दाब होता की नव्हता, नोजलचा आवाज आला की नाही, हे त्यास सांगितल्यास त्याचा वेळ व शेतकऱ्याचा पैसा दोन्ही वाचतात.

जुनी जीप व मोटार

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या जीप किंवा मोटारीलाही हाच क्रम लागू पडतो. तेथे ठिणगी ही चौथी गोष्ट अधिक असते. स्टार्टर इंजिन जोराने फिरवीत असून ते पेटत नसेल, तर एक प्लग काढून पाहावा. तो कोरडा असल्यास पेट्रोल पोहोचत नाही. ओला असल्यास पेट्रोल येते, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल जास्त झाले आहे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. ती कोरड्या फडक्याने पुसावी. इंजिन मंद फिरत असल्यास प्रथम बॅटरीची टोके घासून आवळावीत. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक दाबू नये व मध्ये अर्धा मिनिट थांबावे. अन्यथा बॅटरी व स्टार्टर दोन्ही जातात.

आधीची तयारी

इंजिनाची परीक्षा गरजेच्या दिवशी घेऊ नये. रोवणीपूर्वी एकदा व त्यानंतर दर पंधरवड्यास ते दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पोळ्याच्या सुमारास शेतकऱ्यांना एका इंजिनाभोवती जमवून हवा काढण्याची कृती प्रत्येकाच्या हातून एकदा करवून घ्यावी. ऐकलेले विसरते, हाताने केलेले विसरत नाही. पोळ्यास बैल धुऊन-पुसून त्यांची निगा राखली जाते. त्याच दिवसांत इंजिनाचीही विचारपूस झाली, तर पावसाने पाठ फिरविलेल्या सकाळी बांधीला वेळेवर पाणी मिळेल आणि धान पोचट न होता भरून येईल.