मनाच्या आजाराची गोळी सुरू झाली, आता घरात काय सांभाळायचं?

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा हप्ता, शेळ्या, शिलाई मशीन यांच्यावर आपण मोकळेपणानं बोलतो. पण घरात कुणाला मनाचा आजार असला, की आवाज खाली जातो. बैठक संपल्यावर एखादी मैत्रीण मागं थांबते आणि हळूच विचारते, "ताई, आमच्या सूनबाईला डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. किती दिवस द्यायच्या? सवय तर नाही ना लागायची?" आमच्या गटांत हा प्रश्न इतक्या वेळा आला, की आज त्याच्यावरच बोलायचं ठरवलं.

दवाखान्यात डॉक्टर पाच-दहा मिनिटं भेटतात. पुढचा महिनाभर गोळी देणं, खाणंपिणं बघणं, झोप बघणं हे घरातली बाईच करते. म्हणजे नर्सचं निम्मं काम आपल्याच पदरात येतं. ते नीट समजून केलं, तर माणूस परत कामाला लागतो.

पहिली गोष्ट, ह्या गोळ्या म्हणजे नुसत्या झोपेच्या गोळ्या नव्हेत. भास होणं, संशय येणं, एकट्यानं बडबडणं अशा आजारावरचं पहिलं औषध १९५२ साली फ्रान्समध्ये वापरात आलं. त्याआधी अशा माणसाला कोंडून ठेवण्यापलीकडे फारसं काही करता येत नसे. आज रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल ही औषधं भास-संशयावर देतात. उदासीवर एस्सिटॅलोप्राम, फ्लुओक्सेटिन देतात. मन कधी फार चढतं, कधी फार पडतं, त्याला लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट देतात. चिठ्ठीवरचं नाव आणि गोळी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना किंवा औषध देणाऱ्याला विचारून वहीत लिहून घ्या. विचारण्यात लाज नाही.

आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो, असं आपण म्हणतो. उदासीच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा जाणवतो आणि गुण मात्र दिसत नाही. नेमकं तेव्हाच घरचे म्हणतात, "हे औषध लागू पडत नाही," आणि गोळी बंद होते. तसं करू नका. त्रास सोसवत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतात. ह्या सुरुवातीच्या दिवसांत माणसाला एकटं सोडू नका, तरुण पोरापोरींना तर मुळीच नाही. जीव द्यायचे विचार असतील तर ते ह्या काळात वाढूही शकतात. गोळ्यांची पाकिटं आणि शेतातलं फवारणीचं औषध दोन्ही कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्या.

आता एक गोष्ट नीट ऐका. भास-संशयाची गोळी किंवा इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत कधी कधी मान एका बाजूला वळून ताठ होते, डोळे वर चढतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते. बघणारा घाबरतो. "लागीर झालं" म्हणून माणसाला भलतीकडेच नेलं जातं. हे लागीर नाही. औषधानं स्नायू आखडलेले असतात. दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात माणूस मोकळा होतो. म्हणून लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि कोणती गोळी चालू आहे ती चिठ्ठी दाखवा. असं होऊ नये म्हणून काही डॉक्टर ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची छोटी गोळी सोबत देतात. ती आपल्या मनानं वाढवू नका, कमीही करू नका. तिनं तोंड कोरडं पडतं आणि घाम कमी येतो. एप्रिल-मेच्या उन्हात अशा माणसाला भर दुपारी रानात कामाला लावू नका.

लिथियम चालू असेल तर पाणी आणि मीठ यांचं भान ठेवा. अंगातलं पाणी-मीठ कमी झालं, की लिथियम रक्तात साठतं आणि त्याचं विष होतं. आपल्या जिल्ह्यातला उन्हाळा, जुलाब-उलट्या आणि निर्जळी उपवास ही तिन्ही त्याची कारणं. नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास धरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. देवीला हात जोडून आपण जेवलो, पाणी प्यायलो, तर देवी रागवत नाही. अंगदुखीची गोळी दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका, कारण डायक्लोफेनॅक आणि आयब्युप्रोफेननं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं यांपैकी काही दिसलं, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात तेव्हा तारीख चुकवू नका.

बायकांसाठी वेगळं सांगायला हवं. रिस्पेरिडोनसारख्या काही औषधांनी पाळी चुकते, बाळ नसताना छातीतून दूध येतं. दिवस गेले असंही वाटतं. तपासणी करा, पण लाजून गप्प बसू नका. व्हॅल्प्रोएटनं पोटातल्या बाळाला व्यंग येण्याचा धोका असतो. म्हणून लग्न ठरलेल्या, मूल हवं असलेल्या किंवा दिवस राहिलेल्या बाईनं कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण घाबरून एकदम गोळी बंद करू नका, त्यानं आजार उसळतो. बदल डॉक्टरच करतील. ओलान्झापिनसारख्या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, साखरही वाढते. उपकेंद्रात महिन्याला वजन करा.

गोळी कशी द्यायची? रोज एकाच वेळेला, जेवणाशी किंवा झोपण्याशी जोडून. दिल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. एखादी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. भाकरीत, चहात लपवून गोळी देण्याचा मोह होतो. पण ते एक दिवस कळतं, आणि आधीच संशयानं ग्रासलेल्या माणसाचा आपल्या हातच्या अन्नावरचाही विश्वास उडतो. घेतच नसेल तर डॉक्टरांना सांगा. काही औषधांचं दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन मिळतं. झोपेच्या किंवा बेचैनीच्या गोळ्या, म्हणजे क्लोनाझेपाम, लोराझेपाम, यांची मात्र सवय लागते. त्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस द्या, शेजारणीला उसन्या देऊ नका, आणि एकदम तोडू नका, झटका येऊ शकतो. कोणत्याही गोळीबरोबर दारू नको.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातल्या मैत्रिणींनो, हे तुमच्यासाठी. दसरा-दिवाळीला टोळी निघते ती पाच-सहा महिन्यांनी येते. उचल, बैल, भांडी, सगळ्याची तयारी होते आणि गोळ्या पंधरा दिवसांत संपतात. मग फडावर आजार परत डोकं वर काढतो आणि कोयता अर्ध्यावर राहतो. निघण्याआधी डॉक्टरांना सांगा, "आम्ही अमुक महिने बाहेर आहोत." जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. केसपेपर आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. कारखान्याच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात तीच चिठ्ठी दाखवून पुढची औषधं विचारा.

थांबायला वेळच नाही अशा तीन खुणा लक्षात ठेवा. खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भान हरपणं. जीव देण्याची भाषा किंवा प्रयत्न. क्लोझापिन चालू असताना ताप आणि घसा दुखणं. यांत सकाळची वाट बघू नका.

आणि गोळी बंद कधी? "गरज सरो, वैद्य मरो" असं आपण इथं करतो. माणूस हसायला-बोलायला लागला की गोळी सुटते, आणि काही महिन्यांत आजार परततो. गोळीमुळेच बरं वाटत असतं. उदासी गेल्यावरही डॉक्टर साधारण सहा महिने किंवा जास्त गोळी चालू ठेवतात, भास-संशयाच्या आजारात वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. बंद करायची वेळ आली की तेच हळूहळू उतरवतात.

औषध मिळणं हा आपला हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि आजारी माणसाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. नगरच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार होतात. फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत चालतो. ज्यांना घरानंच सोडलं, अशा बायकांना शिंगवे इथं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांच्या माऊली सेवा प्रतिष्ठाननं आसरा दिला आहे. पण तिथवर वेळ यायच्या आधी गावानं हात द्यायला हवा.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यातल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी गावाचं आरोग्य सांभाळलं. मग कॅलेंडरवर खूण करणं आणि एका घरावर लक्ष ठेवणं आपल्याला का जमू नये?

येत्या बैठकीत गटानं दोन गोष्टी ठरवाव्यात. दवाखान्याच्या एसटी भाड्यासाठी बचतीतून लागेल तसे पैसे द्यायचे. आणि ज्या घरात औषध चालू आहे, तिथं आठवड्यातून एकदा एका मैत्रिणीनं चहाला जायचं, "गोळी झाली का?" एवढं विचारायचं, आणि तिथलं बोलणं बाहेर न्यायचं नाही. पुढच्या महिन्यात, कुणाच्या गोळ्या संपत आल्या आहेत, हेही कर्जाच्या हप्त्याबरोबर आठवणीनं विचारा.