हार्ट फेल्युअर : एका डॉक्टरांसमोर अनेक रुग्ण

सामूहिक तपासणीत एकाच आजाराचे काही रुग्ण डॉक्टरांसमोर एकत्र बसतात. प्रत्येकाची तपासणी स्वतंत्र होते, सल्ला मात्र सर्वांच्या कानी पडतो. पुदुच्चेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात काचबिंदूच्या रुग्णांना पाच-पाचच्या गटात तपासून ही पद्धत अभ्यासली गेली.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णांनाही ही पद्धत उपयोगी पडू शकते. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. त्याची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता कमी होते. शरीरात पाणी साचते, पाय सुजतात, आडवे झाले की धाप लागते. हा आजार बराचसा घरीच सांभाळावा लागतो. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढल्यास डॉक्टरांना लगेच कळवावे. बरे वाटले म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत, ही चूक फार महागात पडते. लोणचे, पापड, सुकट यांतले मीठ हिशेबात धरावे.

पिरंगुटसारख्या गावातल्या रुग्णाला हे घाईच्या तपासणीत उमगणे कठीण. गटात मात्र शेजारचा रुग्ण आपल्या मनातलाच प्रश्न विचारतो. सोबत सून किंवा मुलगा असावा, कारण स्वयंपाक आणि औषधे बहुधा तेच पाहतात. खासगी बाबी मात्र पडद्याआड, एकट्याशीच बोलाव्यात.