उन्हाळा आणि टायरमधील हवा

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढला की टायर फुटेल या भीतीने अनेक चालक हवा चार-पाच पौंडांनी कमी ठेवतात. या समजुतीत तथ्याचा अंश आहे: तापमान दहा अंशांनी वाढल्यास मोटारीच्या टायरमधील दाब साधारण दीड पौंडाने वाढतो, मात्र ही वाढ टायरची रचना करतानाच गृहीत धरलेली असते.

टायर खरा तापतो तो वाकण्याने. चाक फिरताना जमिनीला टेकणारा भाग चपटा होतो आणि सुटताच पूर्ववत होतो, पण रबर घेतलेली सगळी ऊर्जा परत करत नाही. उरलेली उष्णता बनते (हिस्टेरेसिस). तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकलेल्या जागी गरम होऊन तुटते, तसाच हा प्रकार. हवा कमी असेल तर टायरची बाजूची भिंत (साइडवॉल) अधिक वाकते, अधिक तापते आणि आतील थर सुटू लागतात.

अमरावती-अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ताशी ९० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीचे चाक सेकंदाला सुमारे तेरा वेळा फिरते, म्हणजे भिंतीचा प्रत्येक भाग तितक्याच वेळा वाकतो. शिवाय मऊ भिंतीमुळे स्टिअरिंग वळवल्यावर गाडी उशिरा वळते, हे सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही. चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब थंड टायरचा असतो. म्हणून हवा सकाळी, गाडी धावण्यापूर्वी तपासावी, आणि तापलेल्या टायरमधून ती काढू नये.