दारू सुटते, पण नुसत्या शपथेनं नाही

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हप्ता का थकला म्हणून विचारलं की एखादी ताई खाली मान घालते. शेजारीण हळूच सांगते, "मालकानं हळदीचे पैसे दारूत घातले." मग कोणी म्हणते माळ घाला, कोणी म्हणते लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावा. हे सगळं त्या ताईनं आधीच करून बघितलेलं असतं. चार दिवस बरे जातात अन् पाचव्या दिवशी बाळापूरच्या बाजारातून मालक पुन्हा झुलत येतात. असं का होतं?

व्यसन हा आजार आहे

रोज दारू पिणाऱ्याच्या मेंदूला अन् शरीराला तिची सवय लागते. आधी थोडीशी पुरायची, मग क्वार्टरही पुरत नाही. नाही मिळाली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप येत नाही. इथवर आलेला माणूस मजेसाठी नाही, तर हा त्रास थांबवण्यासाठी पितो. शपथ घेताना तो खोटं बोलत नसतो, पण शरीराला शपथ कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही याला आजारच मानते. मात्र आजार आहे म्हणून मारहाण माफ होत नाही, हेही लक्षात ठेवा.

पहिले चार दिवस जपायचे

बरीच वर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम दारू बंद केली तर काही तासांतच थरथर अन् उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास होतात, माणूस नसलेलं बघतो, बडबडतो. आपल्याकडे त्याला बाहेरची बाधा समजतात अन् देवऋषाकडे नेतात. त्यात वेळ गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून त्याला खोलीत कोंडून दारू सोडवू नका. आधी डॉक्टरांना दाखवा अन् रोज किती पितो ते खरं सांगा. हा त्रास आटोक्यात ठेवणारी औषधं आहेत, सोबत बी-१ जीवनसत्त्वही देतात.

नकळत पावडर देऊ नका

"पेशंटच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती आपण बघतो. अशा पावडरीत काय आहे ते आपल्याला कळत नाही. दारू सोडवण्याचं एक औषध असं आहे की त्यावर दारू पोटात गेली तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो, माणूस दगावूही शकतो. डॉक्टर ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात.

तलफ आली तर

तलफ लाटेसारखी येते अन् बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ काढायचा असतो:

- भरपूर पाणी प्यायचं, काहीतरी खायचं.
- जागा बदलायची, हाताला काम द्यायचं.
- विश्वासाच्या माणसाशी बोलायचं.
- "आयुष्यभर" नको, "फक्त आजचा दिवस नाही" एवढंच ठरवायचं.

भूक, राग, एकटेपणा अन् थकवा असला की तलफ जोर धरते. म्हणून वेळेवर जेवण अन् झोप हाही उपचारच आहे. पोळा, लग्नसराई, सोयाबीनचे पैसे हातात येण्याचा दिवस, हे धोक्याचे दिवस. त्यांची तयारी आधीच करा. बाजाराला दोघं मिळून जा, अड्ड्याचा रस्ता टाळा. सोबत्यानं आग्रह केला तर "डॉक्टरनं बंद केली" हे उत्तर तयार ठेवा.

सोडल्यावर पुन्हा एकदा पिणं झालं तर सगळं संपलं असं नाही. कुठे पाय घसरला ते शोधायचं अन् लगेच उपचाराला परत जायचं.

तंबाखू, गुटखा, मिश्रीची तलफही अशीच असते. आपल्यातल्या कितीजणी मिश्री लावतात! हे उपाय आपल्यालाही लागू आहेत.

घरच्या बाईनं काय करावं

डॉ. अनिता अन् डॉ. अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे पेशंटच्या बायकांचाही वेगळा गट भरतो, कारण दारूचा मार त्यांनीही खाल्लेला असतो. त्याची दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, हे आधी मनाशी पक्कं करा. त्याची उधारी गटाच्या कर्जातून फेडू नका. त्याच्या मालकाला खोटी कारणं सांगू नका. पिऊन आल्यावर वाद घालू नका, सकाळी शुद्धीत असताना बोला. हात उचलला तर 112 किंवा महिला हेल्पलाइन 181 ला फोन करा.

अन् गटानं?

थकलेल्या हप्त्यावरून त्या ताईला चारचौघींत बोलू नका, हप्ता नव्यानं ठरवून द्या. दवाखान्यात जाताना एक जण सोबत जा. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. व्यसनमुक्तीसाठी 14446 अन् मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416 हे दोन्ही फोन मोफत आहेत. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडलेल्या माणसांच्या बैठकांनाही फी नसते.

पुढच्या बैठकीत हप्ता थकलेल्या ताईला "पैसे कधी देतीस?" याच्या आधी "घरी कसं चाललंय?" एवढं विचारा. हे दोन नंबरही बैठकीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.