प्रतीक्षायादीत नसलेली रुग्ण

3 ऑगस्टच्या अवयवदान दिनाच्या सुमारास राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने राज्यांना जे सूचनापत्र धाडले, त्यातील एक कलम, म्हणजे प्रतीक्षायादीवरील स्त्री रुग्णांना अधिक गुण देऊन अग्रक्रम द्यावा हे, आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे. त्याचे स्वागत झाले आणि ते व्हावयासच हवे होते. परंतु ज्या जिल्ह्याला आपण अभिमानाने मातृतीर्थ म्हणतो आणि ज्याने निवडून दिलेले खासदार प्रतापराव जाधव आज केंद्रात आरोग्य खात्याचे राज्यमंत्री आहेत, त्या बुलढाणा जिल्ह्यात बसून या कलमाचा अर्थ लावू लागले, की एक प्रश्न काही केल्या मनातून हलत नाही. अग्रक्रम यादीतल्या बाईला मिळेल. पण मुळात यादीत तिचे नाव घालणार कोण?

याच संघटनेच्या दप्तरातील आकडे पाहावेत. 1995 ते 2021 या काळात देशात नोंदल्या गेलेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29,695 पुरुषांवर आणि अवघी 6,945 स्त्रियांवर झाली. दात्यांकडे वळले की चित्र नेमके उलटते: 2019 सालच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्यांना जिवंतपणी अवयव देणाऱ्या पाच जणांत चार स्त्रिया, बहुधा पत्नी किंवा माता, आढळल्या. देशातील प्रत्यारोपणांची वार्षिक संख्या 2013 मध्ये पाच हजारांच्याही आत होती, ती 2024 मध्ये 18,900 च्या पुढे गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र त्या वाढीत कोणाचा देह देणारा आणि कोणाचा घेणारा, ही बाब केवळ एकूण संख्येच्या जयघोषात बुडून जाऊ नये.

स्त्री यादीपर्यंत का पोहोचत नाही, याचे उत्तर शस्त्रक्रियागृहात शोधण्यापेक्षा स्वयंपाकघरात शोधले पाहिजे, असे माझे मत आहे; आणि हे मत ज्यांच्या संशोधनामुळे पक्के झाले, ते पुण्याचे डॉ. संदीप साळवी यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. श्वसनमार्ग कायमचे अरुंद करून टाकणारा जो दीर्घकालीन विकार, ज्याला डॉक्टरमंडळी सीओपीडी म्हणतात आणि आपल्या खेड्यांतून ज्याला सरसकट 'दमा' म्हणून मोकळे होतात, तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचाच रोग होय, ही समजूत वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसली होती. लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांच्यासह साळवींनी 2009 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात जो निबंध प्रसिद्ध केला, त्याने जगभरचे पुरावे एकत्र करून दाखविले, की या विकाराच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस ते पंचेचाळीस जणांनी आयुष्यात कधी तंबाखूचा धूर ओढलेलाच नसतो. आणि जगात धूम्रपान करणारे सुमारे एक अब्ज असतील, तर लाकूड, गोवऱ्या व पिकांचे अवशेष यांच्या धुरात वावरणारे सुमारे तीन अब्ज आहेत. ज्या काळात सारे जग तंबाखूकडे बोट दाखवीत होते, त्या काळात एका मराठी मुलखातील वैद्याने चुलीकडे बोट दाखवावे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

आता हीच गोष्ट आपल्या जिल्ह्यात आणून पाहा. वेचणी संपली की कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून, मोळ्या बांधून घराच्या मागे रचल्या जातात. तुराट्याही त्यांच्याच शेजारी येतात. पावसाळ्यात या ढिगाला ओल लागली, की पऱ्हाटी पेट घेण्याआधी बराच वेळ नुसती धुमसते, आणि भाकरी थापणारी बाई एका हाताने डोळे पुसत, दुसऱ्या हातातील फुंकणीने चूल फुंकत राहते. धूर सोडण्यासाठी तोंड वळवावे तर भाकरी करपते, म्हणून ती तोंडही वळवीत नाही. उज्ज्वला योजना 2016 च्या मे महिन्यात सुरू झाली आणि गॅसची शेगडी घरोघर आली हे खरे. पण शेगडी असलेल्या घरातही अंघोळीचे पाणी व दोन वेळच्या भाकरी पऱ्हाटीवर आणि चहा तेवढा गॅसवर, हा शिरस्ता ज्याने खेड्यात चार दिवस काढले आहेत त्याला सांगावयास नको. पऱ्हाटी फुकट असते आणि सिलिंडर विकत घ्यावा लागतो, इतके साधे त्याचे कारण आहे.

अशी बाई पन्नाशीच्या आतबाहेर आली, की पाण्याची घागर उचलताना तिला धाप लागू लागते. घरचे म्हणतात, वय झाले. तीही तेच म्हणते. या विकाराचे निदान करणारे स्पायरोमीटर हे यंत्र काही अद्भुत नव्हे: छातीभर श्वास घ्यावयाचा आणि एका नळीत सहा सेकंद, न थांबता, जीव खाऊन फुंकावयाचे, की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकंदर किती पडली, याच्या प्रमाणावरून श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत किंवा कसे हे कळते. आयुष्यभर फुंकणी फुंकलेल्या स्त्रीला ही परीक्षा समजावून सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. हे यंत्र रक्तदाब मोजण्याच्या यंत्राइतके सर्रास प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असले पाहिजे, आणि ते वापरण्याची तालीम मिळालेला माणूसही तेथे असला पाहिजे. कारण निदान नाही तर उपचाराची शिफारस नाही, शिफारस नाही तर नागपूर-मुंबईचा तज्ज्ञ नाही, आणि तज्ज्ञ नाही तर यादी नाही. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा अठरा टक्के असताना श्वसनाच्या जुनाट विकारांमुळे जगात वाया जाणाऱ्या निरोगी आयुष्यवर्षांपैकी बत्तीस टक्के एकट्या भारतात वाया जातात, हा 2016 सालचा हिशेब ध्यानी घेतला, म्हणजे या मागणीत अतिशयोक्ती वाटणार नाही.

विषयाला थोडे सोडून, पण विदर्भातील वाचकांसाठी अगत्याने, एक गोष्ट नमूद करतो. आपल्या देशात फुफ्फुस प्रत्यारोपणाची वेळ अधिक करून येते ती सीओपीडीमुळे नव्हे, तर फुफ्फुसाच्या ऊती हळूहळू घट्ट होत जाणाऱ्या विकारांमुळे. देशातील 27 केंद्रांवरील अशा 1,084 रुग्णांची जी नोंदवही 2017 साली प्रसिद्ध झाली, तीत जवळजवळ निम्म्या रुग्णांचा विकार श्वासावाटे जाणाऱ्या बुरशीसारख्या सूक्ष्म कणांच्या वावड्यामुळे होणाऱ्या फुफ्फुसदाहाचा निघाला, आणि त्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध हवा थंड करणाऱ्या कुलरशी आला होता. घाटाखालच्या तालुक्यांत वैशाखात कुलरवाचून रात्र निघत नाही. त्याचे ओले गवत दरवर्षी बदलावे आणि टाकीतले पाणी कुजू देऊ नये, एवढा उपाय तरी कोणाच्याही मंजुरीवाचून करता येतो.

खुद्द फुफ्फुस प्रत्यारोपणाची हकीगत अशी, की साऱ्या अवयवांत हा अवयव सर्वांत नाजूक, कारण देहाच्या आत असूनही तो प्रत्येक श्वासासरशी बाहेरच्या धुळीला, धुराला आणि जंतूंना सामोरा जातो. अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी 1963 साली पहिले प्रत्यारोपण केले, तो रुग्ण 18 दिवस जगला. दीर्घकाळ टिकणारे यश टोरांटोच्या जोएल कूपर यांना 1983 साली लाभले, तेही शरीराचा प्रतिकार दडपणारे सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यानंतर. मूत्रपिंड बर्फात चोवीस तास किंवा त्याहून अधिक टिकते. फुफ्फुसाला चार ते सहा तासांची मुदत. डॉ. संजीव जाधव हे नवी मुंबईचे शल्यवैद्य 2023 च्या नोव्हेंबरात पिंपरीहून दात्याची फुफ्फुसे घेऊन विमानतळाकडे निघाले असताना दापोडीच्या हॅरिस पुलावर त्यांच्या रुग्णवाहिकेला अपघात झाला. स्वतः जखमी असताना, दुसऱ्या गाडीने त्यांनी लोहगाव गाठले आणि चेन्नईत वाट पाहणाऱ्या तरुण रुग्णावर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. या वृत्तीपुढे मस्तक नम्र होते. आणि एवढे करूनही आंतरराष्ट्रीय नोंदवही सांगते, की फुफ्फुस मिळालेल्या प्रौढांपैकी निम्मे सहा-सात वर्षांत दगावतात. उरलेल्यांना जन्मभर घ्यावी लागणारी औषधे मूत्रपिंडांना अपाय करीत राहतात.

या मार्गावरही स्त्रीला एक अधिकची अडचण आहे, आणि ती निसर्गाने घातलेली आहे. गरोदरपणी गर्भातील पित्याकडून आलेल्या अंशाविरुद्ध मातेच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि ती वर्षानुवर्षे टिकतात. त्यामुळे चार बाळंतपणे झालेल्या स्त्रीला जुळणारा अवयव मिळणे पुरुषापेक्षा कितीतरी दुरापास्त होते. त्यात तिची छाती लहान. मोठ्या बांध्याच्या दात्याचे फुफ्फुस तिच्यात मावत नाही. अमेरिकेने 2005 साली रुग्णाच्या तातडीप्रमाणे गुण देण्याची पद्धत सुरू केली, तिचे पुढे परीक्षण करणाऱ्यांना आढळले, की तेथेही यादीवरील स्त्रियांना फुफ्फुस मिळण्याचा संभव पुरुषांहून कमी आणि वाट पाहत मरण्याचा अधिक आहे. शस्त्रक्रिया झाल्यानंतर मात्र स्त्रिया आयुर्मानात पुरुषांच्या मागे पडत नाहीत. तेव्हा अधिक गुण देण्याची तजवीज ही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे, तिला शास्त्राचा भक्कम आधार आहे.

राहिला प्रश्न दात्रीचा, आणि तो घाटाखाली अधिक तीव्र आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, विशेषतः जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत, मूत्रपिंडाच्या विकाराने घरटी माणसे गेल्याच्या कैफियती कित्येक वर्षे कानी येतात. खाऱ्या पाण्याचाच हा परिणाम, की उन्हातील कष्ट, वेदनाशामक गोळ्या आणि कीटकनाशके यांचाही त्यात वाटा, याचा निर्विवाद निवाडा शास्त्राने दिलेला नाही. श्रीलंका, आंध्रातील उद्दानम आणि मध्य अमेरिकेतील उसाचे मळे येथेही हाच वाद चालू आहे. वान धरणातून 140 गावांना पाणी देणारी योजना आली, ती योग्य दिशेने टाकलेले पाऊल होते. पण नळाला पाणी येत नाही त्या दिवशी पुन्हा विहीर आणि हातपंप हेच आधार.

अशा गावात पतीची मूत्रपिंडे निकामी होतात, महात्मा फुले योजनेतून प्रत्यारोपणास मंजुरी मिळते, आणि पत्नी आपले एक मूत्रपिंड देते. पतीची औषधे, त्यांच्या रक्तातील मात्रा, त्याचे क्रिएटिनिन यांवर पुढे जन्मभर डॉक्टरांची नजर राहते, कारण तो रुग्ण आहे. ती रुग्ण नाही. टाके सुकले की ती निंदणीला जाते, त्याच उन्हात, त्याच पाण्यावर, एका मूत्रपिंडानिशी. दात्याचीही दरवर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी व्हावी, हा जगन्मान्य वैद्यकीय दंडक आहे, आणि या तिन्ही तपासण्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकतात. बुलढाण्यात 2024 साली शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याच्या समाजवैद्यक विभागाने पहिले काम म्हणून जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांतील अवयव दिलेल्या स्त्रियांची एक नोंदवही उघडावी आणि दरवर्षी त्या प्रत्येकीला पत्र धाडून तपासणीस बोलवावे, अशी माझी त्या महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना आणि आरोग्य राज्यमंत्र्यांना आग्रहाची विनंती आहे.